म्हातारा टॅब आणि नवं अपडेट

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपले चिटणीस मला प्रसादाच्या रांगेत गाठून म्हणाले, "तुम्ही बंगळूरचे सॉफ्टवेअरवाले, काहीतरी घरगुती उपयोगाचं बोला." म्हणून आज आमच्या नानांच्या टॅबची गोष्ट सांगतो.

नाना मिरजेला एकटेच राहायचे. २०१३ साली मी त्यांना एक टॅब घेऊन दिला. १ जीबी रॅम, त्या वेळी ठीकच होता. रविवारी सकाळी नातीशी व्हिडिओवर गप्पा, दुपारी नाट्यसंगीत, रोज पेपर. नाना शिस्तीचे, मला विचारल्याशिवाय एकही बटण दाबायचे नाहीत. २०१५ च्या सुरुवातीला त्यांचा फोन आला, "अरे, अपडेट करू का विचारतोय. काय करू?" मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "दाबा हो नाना, अपडेट चांगलंच असतं."

त्यानंतर रविवारचा व्हिडिओ बंद झाला. नाना घरच्या फोनवरूनच बोलायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, "नको रे, कंटाळा येतो त्या पडद्याचा." मला तेही खरं वाटलं.

दिवाळीला गेलो तेव्हा टॅब कपाटात, रुमालात गुंडाळलेला. हातात घेतला. एक अक्षर दाबलं की ते उमटायला दोन-तीन सेकंद. व्हिडिओ लावला की चित्र थिजायचं. मी म्हटलं, "नाना, हा तर पार बसलाय!" नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या उजव्या हाताला थोडा कंप होता. म्हणाले, "म्हणजे ते माझं बोट नव्हतं तर." आठ महिने हा माणूस स्वतःच्या बोटाला दोष देत बसला होता.

आता हे का होतं? नवी सिस्टीम नव्या यंत्राच्या मापाने शिवलेली असते. उदाहरणच द्यायचं तर गुगलचा २०१२ चा नेक्सस ७ घ्या. रॅम १ जीबी, आला तेव्हा त्यात अँड्रॉइड ४.१ होतं. २०१४ च्या अखेरीस त्याला ५.० मिळालं आणि तो रखडतो म्हणून जगभर ओरड झाली. ५.० मध्ये प्रत्येक अ‍ॅप बसवतानाच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवायची पद्धत आली. त्याला जागा जास्त लागते, आणि साठवण भरत आली की वाचणं-लिहिणं मंदावतं. अ‍ॅपलचा आयपॅड २ तर २०११ चा, रॅम अवघी ५१२ एमबी. त्याला २०१५ चं आयओएस ९ सुद्धा मिळालं. चाललं, पण ज्यांनी वापरलं त्यांना विचारा! शिवाय अ‍ॅपलने जुन्या आवृत्तीला मान्यता देणं थांबवलं की मागे जायची वाट बंद.

फोनच्या बाबतीत हे प्रकरण सरकारदरबारी गेलं. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ साली अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. अपडेट बसवायला लावलं, पण फोन मंदावेल हे ग्राहकाला सांगितलं नाही, हा मुख्य ठपका.

तुम्ही म्हणाल, मुद्दामच करतात मेले, नवा घ्यावा म्हणून. मला तसं सरसकट वाटत नाही. आमच्या ऑफिसचंच सांगतो. जुन्या मॉडेलवर चालतं का, या रकान्यात मी स्वतः 'हो' लिहून सही केलेली आहे. चालतं म्हणजे उघडतं. उघडायला किती वेळ लागतो, हा रकानाच नव्हता, आणि मीही मागितला नाही. नानांचा टॅब आमच्या कंपनीचा नव्हता, पण त्या दिवाळीत मला तो कागद आठवला.

म्हणून काय अपडेट करूच नये? तसं नाही. सुरक्षेची भोकं त्यातूनच बुजतात, बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी तर टाळू नये. पण सिस्टीमची मोठी आवृत्ती बदलत असेल आणि यंत्राला तीन-चार वर्षं झाली असतील, तर दोन आठवडे थांबा, तेच मॉडेल असलेल्या कुणाला तरी विचारा, फोटो दुसरीकडे उतरवून जागा मोकळी करा. अपडेटनंतर एक रात्र चार्जिंगला लावून ठेवा. आतली बरीच कामं तेव्हा उरकतात, पहिल्या दिवसाच्या मंदपणावरून घाबरू नका. तरीही रखडला, तर सगळं पुसून मूळ स्थितीत आणणं हा उपाय. नानांचा टॅब मी तसाच केला, निम्म्याहून जास्त अ‍ॅप्स काढली. पहिल्यासारखा झाला नाही, पण रविवारचा व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. तो त्यांनी पुढे दोन वर्षं वापरला.

उद्या सकाळच्या आरतीनंतर मी आणि आमची दोन तरुण मंडळी इथेच टेबल टाकून बसणार आहोत. घरातला कपाटात ठेवलेला टॅब घेऊन या. चार्जर विसरू नका. आणि तो ज्यांचा आहे, त्या आजी-आजोबांनाही बरोबर आणा.