फेफरे की पक्षाघात?

श्रोतेहो, अशी कल्पना करा. पहाटेची वेळ आहे. स्वयंपाकघरातून भांडे पडल्याचा आवाज येतो. तुम्ही धावत जाता, तो आई जमिनीवर पडलेली. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द फुटत नाही. घरात एकच गलका होतो, "अंगावरून वारं गेलं!"

ते खरोखरच वारे, म्हणजे पक्षाघात, असेल. पण नेहमीच तसे असते असे नाही. फेफरे येऊन गेल्यावरही हातपाय काही मिनिटे, कधी काही तास, क्वचित दिवसभराहून जास्त लुळे राहतात. लंडनचे डॉक्टर रॉबर्ट टॉड यांनी १८४९ साली आपल्या व्याख्यानांत हे सांगून ठेवले. आजही त्याला टॉड यांचेच नाव आहे.

बाहेरून दोन्ही सारखेच. उपचार मात्र अगदी वेगळे. धमनीत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. या औषधाने क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. मग फेफऱ्याच्या रोग्याला ते विनाकारण कशाला द्यायचे? उलट, फेफरेच असेल म्हणून थांबावे, तर ज्याला औषध हवे होते त्याचा हात कायमचा जायचा!

साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव लगेच दिसतो. गुठळीचा पक्षाघात मात्र पहिल्या काही तासांत पुष्कळदा दिसत नाही. म्हणून रक्तप्रवाहाचा नकाशा काढतात. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात. ते मेंदूतून जात असता यंत्र सुमारे मिनिटभर एकामागून एक चित्रे घेते. कोठे किती रक्त पोचले, किती उशिरा पोचले, हे संगणक रंगांत दाखवतो.

शेतातले पाट आठवा. एक पाट तुंबला, तर त्यावरचेच वाफे सुकतात. शेजारच्या पाटावरचे हिरवे राहतात. पक्षाघातात तसेच होते. एका धमनीच्या हद्दीतला भाग कोरडा दिसतो. फेफरे चालू असताना मात्र तिथल्या पेशी बेफाम काम करतात, त्यांना रक्त जास्त लागते. तेथे जणू पूर चढतो, आणि हा पूर धमन्यांच्या हद्दी जुमानत नाही.

पण थांबा. फेफरे ओसरल्यावर तीच जागा कधी कोरडीही दिसते. लहानसा पक्षाघात नकाशातून निसटतोही. म्हणून डॉक्टर धमन्यांचे चित्र पाहतात, कधी मेंदूचा विद्युत्‌ आलेख काढतात. आणि सर्वांत आधी तुम्हालाच विचारतात, हात आधी झटके देत होता, की एकदम गळाला? शेवटचे धडधाकट केव्हा पाहिलेत? याचे उत्तर कोणत्याही यंत्रापाशी नाही.

तेव्हा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. रोग्याला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. फेफरे की पक्षाघात, हे घरी ठरवत बसू नका. ते काम इस्पितळाचे. वेळेवर पोचवणे आणि पाहिले ते नीट सांगणे, एवढे आपले.