मौन सेवेचे निवृत्त नाविक

लढाऊ जहाजावरील खलाशाला निदान वर आकाश तरी दिसतें. पाणबुडींतील खलाशाच्या वांट्यास तेंहि येत नाहीं. लोखंडी नळकांड्यासारख्या अरुंद जागेंत साठ-ऐंशी माणसें आठवडेच्या आठवडे एकमेकांच्या भरंवशावर राहावयाचीं, अशी दुसऱ्या महायुद्धांतील पाणबुडीची रीत होती. शत्रूस चाहूल लागूं द्यावयाची नाहीं आणि बंदरांत परतल्यावर आपल्या कामगिरीची वाच्यता करावयाची नाहीं, या शिस्तीमुळें अमेरिकेच्या पाणबुडी-दलास 'मौन सेवा' असें नांव पडलें. समुद्रांत हें मौन प्राणरक्षक असतें. परंतु तोच नाविक वृद्ध होऊन घरीं बसला म्हणजे तेंच मौन त्याचा घात करूं लागतें. आपल्या सोबत्यांचें हें मौन सोडविण्याचें काम अमेरिकेंतील निवृत्त पाणबुडी-नाविकांच्या संघटनेनें अंगावर घेतलें आहे.

तिचा उगम मृतांच्या स्मरणांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या नष्ट झाल्या व त्यांबरोबर सुमारें साडेतीन हजार माणसें गेलीं. कित्येक पाणबुड्यांचा शेवट डोळ्यांनीं पाहणारा कोणी उरला नाहीं. परतण्याची वेळ टळून गेली, तेव्हां बुडाली असें समजावें, एवढेंच त्यांच्याविषयीं सांगतां येत असे. शांततेच्या काळांतहि ही आपत्ति चुकली नाहीं. १० एप्रिल १९६३ रोजीं 'थ्रेशर' १२९ माणसांसह आणि मे १९६८ मध्यें 'स्कॉर्पियन' ९९ माणसांसह अटलांटिक महासागराच्या तळाशीं गेली.

महायुद्धांतील पाणबुडी-नाविकांनीं आपली पहिली संघटना १९५५ सालीं काढली. १९६४ सालीं 'युनायटेड स्टेट्स सबमरीन व्हेटरन्स' ही दुसरी संघटना निघाली. तिचें दार कोणत्याहि पिढींतील पात्र पाणबुडी-नाविकास मोकळें होतें. वयोमानानें सभासद विरळ होत गेल्यामुळें पहिली संघटना २०१२ सालीं विसर्जित झाली. दुसरीचें कार्य चालू असून तिच्या गांवोगांवच्या शाखांना 'बेस', म्हणजे तळ, असेंच म्हणतात.

येथें 'पात्र' या शब्दाला विशेष अर्थ आहे. पाणबुडींत नव्यानें आलेल्या माणसास, मग तो आचारी कां असेना, प्रत्येक दालन, प्रत्येक नळ आणि प्रत्येक झडप यांची माहिती करून घेऊन परीक्षा द्यावी लागते. कारण उघड आहे. पाणी आंत शिरूं लागलें तर झडपेजवळ जो असेल त्यानेंच ती बंद केली पाहिजे. जाणत्याला हांक मारण्यास अवसर नसतो. परीक्षेंत उतरल्यावर त्याच्या छातीवर दोन डॉल्फिन माशांचा बिल्ला चढतो. हा बिल्ला मिळविलेल्यासच संघटनेचें नियमित सभासद होतां येतें. पाणबुडींत निव्वळ उतारू असा कोणी नसतो. हीच भावना संघटनेच्या सर्व उपक्रमांच्या मुळाशीं आहे.

उपक्रमांत पहिला मान घंटेचा. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं येणाऱ्या स्मृतिदिनीं गमावलेल्या पाणबुड्यांचीं नांवें एकेक करून वाचतात आणि प्रत्येक नांवामागें घंटेचा एक टोला देतात. कित्येक तळांवर त्या त्या महिन्यांत बुडालेल्या पाणबुड्यांचीं नांवें मासिक सभेंतहि वाचलीं जातात. बुडालेल्या सोबत्यांना हे लोक 'मेले' असें म्हणत नाहींत. ते चिरंतन गस्तीवर गेले, असें म्हणतात. कनेक्टिकट राज्यांत, ग्रॉटन येथें 'फ्लॅशर' या पाणबुडीचा मनोरा स्मारक म्हणून उभा केला आहे. तो अशा सोबत्यांच्या स्मरणार्थच.

घंटेचें काम झालें म्हणजे जिवंतांचें सुरू होतें. राष्ट्रीय सणांच्या मिरवणुकींत पाणबुडीची प्रतिकृति गाडीवर घालून हे वृद्ध नाविक निघतात. मुलांच्या इस्पितळांत जाऊन आजारी मुलांना नाविकांच्या टोप्या व मानद पाणबुडी-सैनिक असल्याचीं प्रशस्तिपत्रें देतात. सभासदांच्या मुलानातवंडांसाठीं शिष्यवृत्त्या आहेत. बिल्ला मिळवून ५० वर्षें झालेल्यांसाठीं 'हॉलंड क्लब' आहे. १९०० सालीं अमेरिकेनें विकत घेतलेल्या पहिल्या पाणबुडीचें तें नांव होय.

परंतु खरी कसोटी मदतीची. डिझेल इंजिनांच्या गर्जनेंत ज्यानें वर्षें काढलीं त्याचे कान गेलेले असतात. नळांभोवतीं गुंडाळलेल्या ॲस्बेस्टॉसची धूळ ज्याच्या फुप्फुसांत गेली त्याचा विकार कित्येक दशकांनीं उमटतो. अशांना उपचार व मासिक भरपाई देणारें सरकारी खातें आहे. पण मागितल्यावांचून तें देत नाहीं, आणि न मागणें हा तर या माणसाचा स्वभाव झालेला! "माझ्यापेक्षां ज्यांना गरज आहे त्यांना द्या," असें म्हणून तो गप्प राहतो. जे परत आलेच नाहींत त्यांच्यापुढें आपलें दुःख सांगण्याचा त्याला संकोच वाटतो.

अशा वेळीं तळावरील सोबती पुढें होतो. अनेक तळांवर सभेंत आजाऱ्यांची यादी वाचण्याचा प्रघात आहे. जहाजावरील जुन्या शब्दानें तिला 'बिनॅकल लिस्ट' म्हणतात. यादींत नांव आलें कीं कोणीतरी भेटीस जातो. सेवामुक्तीचा दाखला शोधून काढणें, अर्ज भरणें, जिल्ह्याच्या सैनिक-सेवा अधिकाऱ्याकडे घेऊन जाणें, हीं कामें वाटून घेतलीं जातात. हा अधिकारी फी न घेतां साह्य करतो. ज्याला मोटार चालवितां येत नाहीं त्याला इस्पितळांत नेण्यासाठीं अपंग सैनिकांच्या संघटनेच्या गाड्या असतात. त्या स्वयंसेवक चालवितात. दुखण्याचें मूळ नोकरींतच होतें, हें सिद्ध करण्यास त्याच पाणबुडीवर काम केलेल्या सोबत्याचें लेखी निवेदन पुरावा म्हणून स्वीकारलें जातें. एकाचें मौन असें दुसऱ्याच्या साक्षीनें सुटतें.

शेवटच्या प्रसंगींहि हीच गोष्ट. कुटुंबानें मागणी केल्यास निवृत्त सैनिकाच्या अंत्यविधीस निदान दोन गणवेषधारी सैनिक पाठवावेत, ध्वजाची घडी करून ती कुटुंबाच्या हातीं द्यावी आणि बिगुलाचे सूर वाजवावेत, असा नियम २००० सालापासून अमलांत आहे. पण शोकांत बुडालेल्या विधवेला हा नियम ठाऊक असतोच असें नाहीं. ज्या तळावर पतीचें नांव नोंदलेलें असतें तेथील माणसें तिला तो आठवून देतात. पतीच्या सेवेमुळें तिला कांहीं मिळण्यासारखें असेल, तर तेंहि सांगतात.

महाराष्ट्रालाहि हा विषय परका नाहीं. १४ ऑगस्ट २०१३ रोजीं मुंबईच्या गोदींत 'सिंधुरक्षक' या पाणबुडीवर स्फोट होऊन १८ नाविक मृत्यु पावले. येथेंहि माजी सैनिकांसाठीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें आहेत; पण कार्यालयाचा उंबरठा चढण्यास संकोचणारे वृद्ध येथेंहि आहेत. त्यांच्या दाराशीं जाऊन, "चला, मी बरोबर येतों," असें म्हणणारा सोबती कोणत्याहि सरकारी खात्याला नेमतां येत नाहीं. तो त्यांच्यांतूनच निघावा लागतो. गेलेल्यांसाठीं घंटा वाजविणें हें कर्तव्य खरेंच. परंतु जो अद्याप जिवंत असून बोलत नाहीं, त्याच्या दारावर थाप मारणें हें त्याहून निकडीचें कर्तव्य होय.