दहा वाघिणी आणि एक गाढव

(नांदेड येथील वसंत व्याख्यानमालेतील एका सायंकाळचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या उकाड्यात घरचा कूलर सोडून आलेल्या नांदेडकरांनो,

मी लातूरचा. आयुक्तालय लातूरला की नांदेडला, या वादाबद्दल एक अक्षरही बोलणार नाही, असं संयोजकांना कबूल करून आलोय. (हशा) पत्रिकेत विषय छापलाय ‘चिमुकल्यांसाठी प्राण्यांच्या साहसाची चित्रपुस्तकं’. दुसऱ्या रांगेत माझे दोन जुने सहकारी बसलेत, ते आत्ताच एकमेकांना कोपरानं ढोसायलेत. मी कुठूनही निघालो तरी गाढवावर येऊन पोचतो, हे त्यांना ठाऊक आहे. येणारच आहे. जरा दम धरा.

आधी वाघिणी. एप्रिल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, पुन्हा सांगत नाही. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. मी तेव्हा दुसरीच्या वर्गावर होतो. पेपर मोठ्यानं वाचून दाखवला, की पाणी घेऊन दहा वाघिणी लातुरात दाखल. रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे लेकरांना सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी एका पोरीनं चित्र आणलं. रुळावरून दहा वाघिणी चालल्यात, प्रत्येकीनं पुढचीची शेपटी तोंडात धरलेली आणि पाठीवर घागर. शेवटच्या वाघिणीची घागर हिंदकळतेय आणि सांडलेल्या थेंबांमागं एक चिमणी लागलीय. मी विचारलं, “वाघिणींना तहान नाही का लागत गं?” म्हणाली, “त्या मिरजेतच पिऊन निघाल्या, गुरुजी.” (हशा)

हसू नका, हे साधं उत्तर नाही. वाघीण पाणी वाहते हे एकदा मानलं, की ती वाटेत का पीत नाही याचा हिशेब द्यावाच लागतो, आणि त्या पोरीनं तो दिला. प्राण्यांच्या गोष्टीत काहीही चालतं असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना हा हिशेब ठेवता येत नाही. म्हणून त्यांची अस्वलं भाषणं देतात आणि हरणं स्वच्छतेचं महत्त्व सांगतात.

चित्रपुस्तकाची व्याख्या तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. एकच गोष्ट सांगतो, पान उलटणं. सोळा पानांचा एक फॉर्म, असे दोन, म्हणजे बत्तीस पानं. जगभर बहुतेक चित्रपुस्तकं एवढीच असतात, कारण छापलेला कागद घडी घालून तेवढाच होतो. त्या बत्तीस पानांत लेखकाच्या हातात खरं शस्त्र एकच, उजव्या पानावर लेकराचा श्वास अडकवून ठेवायचा आणि पुढं काय ते पान उलटल्यावरच दाखवायचं. आपल्याकडे हे कळलेलं माणूस म्हणजे माधुरी पुरंदरे. लिहितात त्याच आणि चित्रं काढतात त्याच, त्यामुळं चित्रात दिसतं ते शब्द पुन्हा बडबडत नाहीत. २०१४ ला त्यांना साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळाला. आणि तोच पुरस्कार २०२५ ला कुणाला मिळाला हे नांदेडात मी सांगायचं म्हणजे गोदावरीला पाणी पाजायचं! तुमचेच डॉ. सुरेश सावंत, ‘आभाळमाया’. (टाळ्या) पण तो कवितासंग्रह. मी चित्रपुस्तकाबद्दल बोलतोय.

आता प्राणी. दुसरीच्या पोरांना म्हणावं, आवडीचा प्राणी काढा. चाळीसात पंधरा पेंग्विन! आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं, आणि वहीत पेंग्विन. यात लेकरांचा दोष नाही. रंगीत छपाई महाग पडते. म्हणून चित्रांच्या प्लेटा एकदाच करायच्या आणि फक्त काळ्या मजकुराची प्लेट बदलून तेच पुस्तक पाच-दहा भाषांत काढायचं, असा हा धंदा चालतो. त्यातून वाईटच निघतं असं नाही. नॅशनल बुक ट्रस्टचं मिकी पटेल यांचं रूपा हत्तीचं पुस्तक तसंच घरोघरी पोचलं आणि ते सुंदर आहे. पण दहा भाषांत खपायचं तर प्राणीही दहा भाषांत चालणारा लागतो. हत्ती चालतो, वाघ चालतो, ससा तर कुठंही चालतो. देवणीचा वळू, लाल कंधारी गाय, उस्मानाबादी शेळी यांना तिकीट मिळत नाही.

आणि गाढवाला तर कुणीच देत नाही. (हशा) आलं, आलं गाढव!

मराठीत गाढव हा प्राणी नाही, ती शिवी आहे. पंचतंत्रातही तेच. वाघाचं कातडं पांघरून शेतात चरतं, ओरडतं आणि मार खाऊन मरतं. पण आपण मराठवाड्यातले, आपल्याला हे शोभत नाही. एक पैठण घ्या. ज्ञानेश्वर माउलींनी रेड्यामुखी वेद बोलवले ते पैठणला. गुणाढ्याची बृहत्कथा नाकारणारा सातवाहन राजा पैठणचाच. पैशाची भाषेत, रक्तानं लिहिलेलं बाड राजानं परत पाठवलं. गुणाढ्य डोंगरावर बसला, एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरायचं सोडून रडत ऐकत उभी राहिली, आणि राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस वाळकं झालं तेव्हा कुठं राजाला शोध लागला. तोवर सात लाखांतले एक लाखच श्लोक उरले होते. साहेब, जनावरांसाठी भरलेली पहिली व्याख्यानमाला ती! आणि श्रोत्यांमध्ये एकही उठून गेला नाही. (हशा) तुम्ही बसा, तुम्ही बसा, तुम्हाला नाही म्हणालो.

पैठणचे तिसरे, एकनाथ महाराज. काशीची कावड रामेश्वराला निघालेली आणि वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलीय. ती आपण कायम नाथांच्या बाजूनं सांगतो. गाढवाच्या बाजूनं कुणी सांगितली? मी सांगितली. बत्तीस पानं. अकरा वर्षं कपाटात पडलीत. एका प्रकाशकांनी अगदी प्रेमानं कळवलं, चित्रं छान आहेत, फक्त गाढवाच्या जागी घोडा करता येईल का? (हशा) कुणी म्हणेल, गुरुजी आपलं पुस्तक खपवायला आलेत. छापलंच नाही, खपवू काय?

तर ही चित्रं काढायला मी माळेगावच्या यात्रेत गेलो होतो. माळेगाव तुमचं, लोह्याजवळचं, तुम्हाला काय सांगावं. खंडोबा, मार्गशीर्ष वद्य एकादशी, घोडे, उंट आणि गाढवांचा बाजार. उपरण्याखाली बोटं धरून सौदे चाललेले. मी एका गाढवासमोर वही घेऊन बसलो. गाढवाचे दोन कान दोन दिशांना ऐकतात, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं! तासाभरानं मालकानं त्याचं तोंड उघडून दात दाखवले. मी दातांचंही चित्र काढलं. दोन तासांनी तो वैतागला. “गुरुजी, घेणार नाहीत तर बघायलाव कशाला? एवढं बघितलं तर इसार तरी द्या.” मी दिला. शंभर रुपये. (हशा) मग तो मोकळा झाला. मी म्हणालो, ही जात हट्टी फार, वाटेत अडून बसते. तो म्हणाला, “अडत नाही हो. घोडं भ्यालं की पळतं. हे भ्यालं की थांबून बघतं.”

ही काय चिठ्ठी? दहा मिनिटं. बरं.

थांबून बघणारा नायक! अमेरिकेत विल्यम स्टाइग नावाचे व्यंगचित्रकार होते, साठी ओलांडल्यावर मुलांसाठी लिहायला लागले. समोरच्या निवृत्त मंडळींनी टिपून घ्यावं. १९६९ ला त्यांचं सिल्व्हेस्टर नावाच्या गाढवाचं चित्रपुस्तक आलं. त्याला जादूचा खडा सापडतो, वाटेत सिंह भेटतो, घाबरून तो म्हणतो मी दगड झालो तर बरं, आणि होतो. खडा शेजारीच पडलेला, पण दगडाला हात कुठले? ऋतू येतात नि जातात, आईबाप शोधत फिरतात. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला चित्रांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. वादही झाला. गाढवामुळं नाही, पोलीस डुकरांच्या रूपात काढले म्हणून पोलीस संघटना चिडल्या. तिकडं गाढवाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

इथं आमच्या वर्गात एक मुलगा होता. घरी वीटभट्टीवर गाढवं. मी प्राणी काढा म्हणालो तेव्हा त्यानं एकट्यानं गाढव काढलं, एक कान पुढं, एक मागं, पुढचे दोन्ही पाय दोरीनं बांधलेले. माळेगावात दोन तास बसून मला जमलं नाही असं. शेजारच्यानं बघितलं, हसला, मग सगळी रांग हसली. त्या पेंग्विनवाल्या पुस्तकांएवढाच मीही दोषी, कारण मी त्याक्षणी फळ्यावर लिहीत होतो. वह्या गोळा केल्या तेव्हा त्यानं कान खोडून लहान केले होते. पायातली दोरीही खोडली होती, तिचा डाग राहिला होता. खाली लिहिलं होतं, घोडा.

(थोडी शांतता)

दुसरी चिठ्ठी. दोनच मिनिटं. अध्यक्षीय भाषण व्हायचंय, लाईटही दोनदा लुकलुकलीय. मग नाथांच्या गाढवाचं माझं पुस्तक आत्ताच दाखवतो, हातात धरूनच. मागच्यांना दिसणार नाही, सांगतो. गाढव जमिनीवर पडलंय, म्हणून चित्रही जमिनीवरूनच. सगळ्या पुस्तकात माणसाचा चेहरा एकदाही नाही. पहिल्या पानावर पाय. जोडे घातलेले, घाईत. दुसऱ्यावर बैलगाडीचं चाक. तिसऱ्यावर पाय, चौथ्यावर पाय, सगळे पुढं निघून जाणारे. शब्द नाहीत. आणि हे उजवं पान: अनवाणी, भेगाळलेली दोन पावलं, दोन्हींची बोटं आपल्याकडं वळलेली. वर कावडीच्या घड्याचा फक्त तळ दिसतो.

पाणी पुढच्या पानावर आहे. अध्यक्ष महाराज घड्याळ बघायलेत. बसतो.