‘त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला’
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘वकील’ हा शब्द आज कोर्टाच्या आवारात अडकून पडला आहे. दोनशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील होते, तेव्हा त्यांच्या अंगावर काळा डगला नव्हता. आपल्या माणसाच्या वतीने दुसऱ्याच्या दारी जाणारा, तेथे न डगमगता बोलणारा आणि जे ऐकले ते नीट लिहून कळवणारा मनुष्य, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. कारखान्यातील, बँकेतील किंवा रेल्वेतील नोकरावर शिस्तभंगाची कारवाई होते तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहणारा कामगार संघटनेचा प्रतिनिधी हा या जुन्या अर्थाने वकील होय. फरक इतकाच की पेशव्यांचा वकील एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे जाई. येथे पाठवणाऱ्याजवळ सत्ता नसते, पुष्कळदा महिन्याचा पगारही नसतो.

मराठवाड्यातून नोकरीच्या निमित्ताने या शहरात आलेली मराठी कुटुंबे रेल्वेत, बँकांत आणि केंद्र सरकारच्या कारखान्यांत स्थिरावली. ग्रंथालयांचा वाचकही बराचसा त्यांतूनच आला. अशा पांढरपेशा घरांत एक रीत दिसते. आजारपण शेजाऱ्याला सांगितले जाते, कर्जही एखादे वेळी सांगितले जाते. पण कर्त्या माणसाच्या नावे आलेले आरोपपत्र मात्र ट्रंकेच्या तळाशी जाते. ही लाज समजण्यासारखी असली तरी ती फार महाग पडते, कारण ती ओसरेपर्यंत मदत मागण्याची मुदत निघून गेलेली असते.

कारवाईचे टप्पे ठरलेले आहेत. आरोपपत्र, त्यावरील खुलासा, चौकशी, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल, शिक्षेचा हुकूम आणि शेवटी अपील. चौकशीच्या खोलीत निदान साक्षीदार असतात, प्रश्नोत्तरे होतात. अपिलाच्या वेळी टेबलावर केवळ फाइल असते, आणि ती फाइल दुसऱ्या बाजूने तयार केलेली असते. ज्या माणसाने यंत्रावर किंवा गल्ल्यावर वीस वर्षे काढली त्याला ती उलटून पाहून तिच्यातील फट दाखवता येईलच असे नाही. म्हणून प्रतिनिधीची गरज अपिलाला कमी होत नाही, वाढते. व्यवहारात समज नेमकी उलटी आहे. चौकशी संपली की युनियनचे काम संपले असे धरून अपिलाचा कागद घरीच लिहिला जातो, त्यात आरोपाला उत्तर देण्याऐवजी मुलीच्या लग्नाची अडचण सांगितली जाते आणि दयेच्या याचनेने तो संपतो.

प्रतिनिधी मिळणे हा हक्क आहे काय, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी दिले आहे आणि ते कामगाराला फारसे सुखावणारे नाही. टाटा लोकोमोटिव्ह कंपनीच्या खटल्यात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशा अंतर्गत चौकशीत कामगाराला आपल्या युनियनचा प्रतिनिधी आणण्याचा अधिकार नाही. तेथे प्रश्न साध्या वस्तुस्थितीचे असतात आणि ज्याच्यावर आरोप आहे तोच साक्षीदाराची उलटतपासणी उत्तम करू शकतो, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. मालकाने परवानगी द्यायची ठरवली तर त्याला मनाई नाही, एवढी सवलत मात्र न्यायालयाने ठेवली. पाच वर्षांनी डनलॉप रबर कंपनीच्या प्रकरणात हेच मत कायम झाले. स्थायी आदेशांत तरतूद असेल तरच प्रतिनिधी, एरवी नाही.

या तर्कशास्त्राशी सहमत होणे कठीण आहे. आपल्याच फोरमनला, त्याच्याच वरिष्ठासमोर, ‘तुम्ही खोटे बोलत आहात’ हे सभ्य शब्दांत विचारणे ही साधी वस्तुस्थिती नव्हे. पुढे १९८३ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात न्यायालयाची भूमिका काहीशी मऊ झाली. तेथे ट्रस्टची बाजू मांडायला त्यांचे विधी सल्लागार बसले होते आणि आरोपी कर्मचाऱ्याने कायदेतज्ज्ञ मागितला तर नकार मिळाला होता. एका पारड्यात कायद्याचा जाणकार आणि दुसऱ्यात एकटा नोकर, हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही असा निर्णय झाला. पण ती अपवादाची वाट होती, राजरस्ता नव्हे. दरम्यान केंद्रीय नमुना स्थायी आदेशांत दुरुस्ती होऊन, चौकशीत कामगाराने स्वतः हजर राहावे किंवा तो ज्या संघटनेचा सभासद आहे तिच्या पदाधिकाऱ्यामार्फत बाजू मांडावी, असे कलम आले. तरीही १९९८ च्या अखेरीस भारत पेट्रोलियमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीने आपल्या स्थायी आदेशांत हा प्रतिनिधी स्वतःच्या नोकरवर्गापुरता मर्यादित केला, ते वैध ठरवले. सारांश, हा हक्क छापलेल्या ओळीतून येतो. ओळ जेवढी रुंद तेवढा हक्क रुंद.

त्याच नमुना कलमात आणखी एक वाक्य होते. चौकशीचे कामकाज हिंदीत, इंग्रजीत किंवा कारखाना ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या भाषेत, यांपैकी कामगार पसंत करील त्या भाषेत नोंदवावे. वाक्य उदार आहे. पण बेळगावच्या, हैदराबादच्या किंवा बडोद्याच्या मराठी कामगाराने ते पुन्हा वाचावे. तीन भाषांत त्याची भाषा नाही. त्याने साक्ष मराठी मनाने द्यायची आणि ती उतरणार दुसऱ्या भाषेत. ‘मी त्याला हटकले’ या वाक्याचे भाषांतर ‘मी त्याला धमकावले’ असे झाले तर अपील अधिकाऱ्यासमोर जाणारी फाइल कायमची बिघडते. हटकणे, दटावणे, धमकावणे यांतील अंतर कळणारा आणि कागदावर सही होण्यापूर्वी ते सुधारून घेणारा कोणी शेजारी असणे हा भाषेचा शौक नव्हे, त्यावर नोकरी अवलंबून असते.

आता अपिलाच्या कलमांकडे वळता येईल. येथे शब्दांचा फरक अगदी बारीक आणि परिणाम मोठा आहे. १९४६ च्या कायद्याखालील केंद्रीय नमुना स्थायी आदेशांनी शिक्षा झालेल्या कामगाराला २१ दिवसांत अपील करण्याची मुभा दिली होती. अपील अधिकाऱ्याने कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी देऊन १५ दिवसांत निर्णय द्यावा असे त्यात होते. संधी कामगाराला. सोबत कोण, याविषयी त्या ओळीत मौन आहे. चौकशीचे कलम प्रतिनिधीचा उल्लेख करते, अपिलाचे करत नाही, आणि व्यवस्थापन या मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावते.

बँक कर्मचाऱ्यांचा द्विपक्षीय करार याबाबतीत वेगळा आहे. चौकशीत आपण सभासद असलेल्या बँक कर्मचाऱ्यांच्या नोंदणीकृत संघटनेचा प्रतिनिधी घेण्याची तरतूद त्यात आहेच. पण अपिलाच्या कलमात, बडतर्फीच्या प्रकरणी कर्मचाऱ्याची तशी इच्छा असल्यास, अपील अधिकाऱ्याने निकालापूर्वी त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला ऐकावे असे स्पष्ट लिहिले आहे. अपिलाची मुदत लेखी हुकूम मिळाल्यापासून ४५ दिवसांची. सुनावणी मागितली असेल तर ती अपील पोचल्यापासून एका महिन्यात सुरू व्हावी आणि संपल्यापासून एका महिन्यात निकाल लागावा. ‘किंवा त्याच्या प्रतिनिधीला’ हे शब्द तेथे आहेत. पण त्यांच्याआधी ‘इच्छा असल्यास’ हेही आहेत. इच्छा मनात ठेवून चालत नाही. अपिलाच्या अर्जात ती लिहिली नाही तर अधिकारी फाइल वाचून निकाल देतो, आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही.

रेल्वेची कथा निराळी. तेथील १९६८ च्या शिस्त व अपील नियमांनुसार चौकशीत सहकारी कर्मचारी किंवा मान्यताप्राप्त रेल्वे संघटनेचा पदाधिकारी मदतीला घेता येतो. पदाधिकाऱ्याने त्या पदावर किमान एक वर्ष सलग काम केलेले असावे अशी अट आहे, म्हणजे आयत्या वेळी कोणालाही पदाधिकारी करून उभे करता येत नाही. अपिलासंबंधी महत्त्वाचा निर्णय १९८६ चा आहे. एका शंटरला नोकरीतून काढून टाकल्यावर त्याचे अपील रेल्वे मंडळाने कारणे न देता साचेबंद भाषेत फेटाळले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि अपील अधिकाऱ्याने माणसाला समक्ष ऐकावे, कारणे देऊन निर्णय लिहावा, असे बजावले. तेव्हापासून ‘अपील विचारात घेतले, हस्तक्षेपास कारण दिसत नाही’ या एका ओळीचा बचाव करणे अवघड झाले आहे. अर्थात ती ओळ लिहिणारे अधिकारी त्यामुळे दुर्मिळ झाले असे नव्हे.

मग मागणी करायची कशी? अपिलाच्या अर्जातच, शेवटच्या ओळीत नव्हे तर सुरुवातीला, समक्ष सुनावणी हवी हे लिहावे. प्रतिनिधीचे नाव, त्याचे पद, संघटनेचा नोंदणी क्रमांक आणि आपली सभासदत्वाची पावती जोडावी. ज्या कलमाखाली मागणी आहे त्याचा क्रमांक द्यावा. कलम मूक असेल तर मालकाला परवानगी देण्यास कोणतीही आडकाठी नाही हे १९६० पासून न्यायालयच सांगत आले आहे, एवढे नम्रपणे नमूद करावे. अर्जाच्या प्रतीवर पोचीची सही व तारीख घ्यावी आणि हुकूम ज्या पाकिटातून आला ते पाकीटही जपावे, कारण मुदत मोजताना डाकेचा शिक्का कामी येतो. प्रतिनिधीला मात्र सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, आठवडाभर आधी सगळी कागदपत्रे द्यावीत. मागितलेला दस्तऐवज चौकशीत नाकारला गेला का, निष्कर्षाला साक्षीचा आधार आहे का, त्याच चुकीबद्दल दुसऱ्याला ताकीद आणि याला बडतर्फी असे झाले का, मागील निष्कलंक सेवेचा विचार झाला का, हे त्याने शोधायचे असते.

नकार आला तर तो लेखी मागावा. आणि तेवढ्याने भागत नाही. नियमभंगामुळे प्रत्यक्ष नुकसान काय झाले हे दाखवावे लागते, असे स्टेट बँकेच्या एका प्रकरणात १९९६ साली ठरले. म्हणून प्रतिनिधी नसल्यामुळे कोणता प्रश्न विचारता आला नाही, कोणता कागद पुढे ठेवता आला नाही, हे त्याच आठवड्यात लिहून पाठवावे. पुढे न्यायाधिकरणासमोर हे पत्रच बोलते. बडतर्फीची शिक्षा अवाजवी वाटली तर ती बदलण्याचा अधिकार १९७१ सालापासून न्यायाधिकरणाला आहे आणि नव्या संहितेतही तो राखलेला आहे. पण तेथपर्यंतची वर्षे घर कसे चालवायचे हा प्रश्न संहिता सोडवत नाही.

इंग्लंडने हा गुंता कायद्यानेच सोडवला. तेथील १९९९ च्या कायद्याने, सप्टेंबर २००० पासून, शिस्तभंगाच्या सुनावणीला युनियनचा पदाधिकारी किंवा सहकारी सोबत नेण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला मिळाला, आणि झालेली शिक्षा कायम करणारी सुनावणी, म्हणजे अपीलही, त्यात धरले गेले. मालक त्या युनियनला मान्यता देतो की नाही याला महत्त्व नाही. सोबत्याने भाषण करावे, सल्ला द्यावा. कामगाराला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने देऊ नये, ही मर्यादा आहे.

आपल्याकडे वारे उलट दिशेचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना १९४६ साली झालेला स्थायी आदेशांचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी इतिहासजमा झाला आणि त्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली. निलंबनापासून साधारणतः ९० दिवसांत चौकशी पुरी करावी हे तिने घातलेले बंधन स्वागतार्ह आहे. पण स्थायी आदेशांचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होते, ते आता ३०० कामगारांपासून लागू होते. जुने प्रमाणित आदेश संहितेशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू राहतात. परंतु दोनशे माणसांच्या नव्या कारखान्यात प्रतिनिधीची ती छापलेली ओळ असेलच असे नाही. तेथे नेमणूकपत्रात किंवा युनियनशी होणाऱ्या करारात ती घालून घ्यावी लागेल, आणि ‘चौकशीत’ या शब्दापुढे ‘व अपिलात’ हे दोन शब्द आग्रहाने लिहवून घ्यावे लागतील.

१९४६ च्या कायद्यात एक गंमतीदार वाटणारी पण शहाणपणाची तरतूद होती. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दारातून बहुतेक कामगार आत येतात त्या दारापाशी, खास फलकावर लावावेत. असे फलक पुष्कळ ठिकाणी होते आणि अजूनही काही फाटकांपाशी दिसतात. बहुधा काचेवर धूळ असते, मजकुरावर दिवाळी बोनसची नोटीस चिकटवलेली असते, आणि पाळी बदलताना शेकडो माणसे त्याच्या शेजारून कार्ड पंच करून जातात. त्या नोटिशीखाली, बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या पानावर, शिस्तभंगाचे कलम असते.