गाडीची जुनी डबी बदलताना

साधारण २००० सालापासून आपल्याकडच्या नव्या पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर मागे पडला आणि मारुती ८०० सारख्या साध्या गाडीतही एक डबी येऊन बसली. इंजिन कंट्रोल मोड्यूल, मेकॅनिकच्या बोलीत ईसीएम. सेन्सरकडून माहिती घ्यायची आणि पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची हे ठरवायचं, हे तिचं काम.

जुनी गाडी चालता चालता बंद पडली की संशय पटकन या डबीवर जातो. माझ्या मते जरा घाईनंच. पावसाळ्यात ओल शिरून कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, अर्थिंगची वायर गंजते, रिले दगा देतो. म्हणून चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का, ते पाहा. नाही लागला, तर आधी बल्ब, फ्यूज आणि ईसीएमला येणारा १२ व्होल्टचा पुरवठा तपासून घ्या.

खरंच बदलायची वेळ आली, तर पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. दिसायला सारख्या डब्यांत प्रोग्रॅम वेगळा असू शकतो. भंगार बाजारात ती स्वस्त मिळते खरी. पण गाडीत इमोबिलायझर असेल, तर परकी डबी तुमची चावी ओळखत नाही. स्टार्टर फिरत राहतो, इंजिन काही पेटत नाही. मग स्कॅनर लावून कोड जुळवावा लागतो. तो खर्च आधीच विचारा. डबी काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. आणि जुनी डबी मागून घ्या बरं का! कधी कधी आतला फुगलेला कपॅसिटर बदलला, तरी ती पुन्हा चालते.