पुसू नये

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजक मला म्हणाले, "तू इंजिनिअर, कॉम्प्युटरवर बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." म्हणून या मेळाव्यासाठी स्कॅन केलेल्या फोटोंचीच गोष्ट सांगते. ते सगळे फोटो माझ्या हातून एकदा डिलीट झाले होते. समितीलाही हे आज पहिल्यांदाच कळतंय. रागवायचं ते चहानंतर रागवा.

तीन महिन्यांपूर्वीचा रविवार, रात्रीचे नऊ. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर दोन फोल्डर होते, एक फोटोंचा आणि एक डबल आलेल्या फोटोंचा. दुसरा काढायचा होता. मी टर्मिनलमध्ये घाईत पहिल्याचं नाव टाइप केलं. टर्मिनलमधून काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. बॅकअप उद्या घेऊ म्हणून राहिलेला. बाकीचे फोटो पुन्हा मागता आले असते, पण आपल्या चित्रकलेच्या सरांचा अल्बम ओल लागून चिकटला होता. पानं सोडवताना रंगच निघून आला. सर आज नाहीत आणि त्या फोटोंचं मूळही उरलेलं नाही.

आता फळा आठवा. बाई महत्त्वाचा मजकूर चौकटीत घालून कोपऱ्यात 'पुसू नये' लिहायच्या. माझ्या लॅपटॉपमध्ये जी एसएसडी आहे, ती अशाच फळ्यांची खोली आहे. फक्त तिथलं डस्टर फळ्याएवढं मोठं आहे. एक ओळ पुसता येत नाही, पुसायचा तर अख्खा फळा. आमच्या भाषेत त्याला ब्लॉक म्हणतात. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी शोधली. अख्खा भाग एका क्षणात कोरा होतो, ते कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्यानं तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवलं.

फळा पुसण्याआधी त्यावरच्या हव्या असलेल्या ओळी दुसऱ्या फळ्यावर उतरवाव्या लागतात. हे काम ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे आपला मॉनिटर, मधल्या वेळात गुपचूप करतो. पण कुठल्या ओळी नकोत हे त्याला कसं कळणार? आपण फाइल डिलीट करतो तेव्हा फक्त वहीतली नोंद खोडली जाते. फळ्यावरची ओळ तशीच राहते आणि मॉनिटर ती बिचारा पुन्हा पुन्हा उतरवत बसतो. ड्राइव्ह मंदावतो, झिजतोही, कारण प्रत्येक फळा ठरावीक वेळाच पुसता येतो. म्हणून नको असलेल्या ओळींची यादी त्याला वाचून दाखवावी लागते. तिचं नाव ट्रिम. लिनक्समध्ये एफएसट्रिम नावाची कमांड हे करते, आणि बऱ्याच ठिकाणी एक टायमर ती आठवड्यातून एकदा आपोआप चालवतो.

तो वार कुठला? सोमवार, मध्यरात्र. माझ्याकडे तीन तास होते. यादी एकदा ड्राइव्हकडे गेली की त्या जागी वाचायला सहसा नुसती शून्यं मिळतात.

लॅपटॉप नुसता बंद केला असता तरी भागलं नसतं. हा टायमर चुकलेली पाळी लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताच ती भरून काढतो. मी टाइप केलं: सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल हायफन हायफन नाऊ एफएसट्रिम डॉट टायमर. यातल्या 'नाऊ'मुळे टायमर लगेच थांबतो आणि 'डिसेबल'मुळे पुन्हा सुरू केल्यावरही जागा होत नाही. मग लॅपटॉप बंद केला, कारण चालू मशीन त्या मोकळ्या जागेवर काहीही लिहू शकतं. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्हवरून सुरू करून फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमनं ड्राइव्ह चाळला आणि सापडलेले फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवले. बहुतेक सगळे मिळाले. सरांच्या अल्बममधले दोन अर्धेच आले, खालचा भाग करडा.

काम झाल्यावर टायमर पुन्हा चालू केला. तो कायमचा बंद ठेवणं म्हणजे मॉनिटरला वर्गाबाहेर काढणं. मग एफएसट्रिम हायफन व्ही चालवली. किती जागा मोकळी म्हणून कळवली, तो आकडा ती सांगते.

हे ऐकून कोणी निर्धास्त राहू नका. माझ्या मशीनवर ट्रिम आठवड्यानं होत होतं म्हणून मी वाचले. विंडोजवर बहुधा फाइल डिलीट होताच ड्राइव्हला कळवलं जातं. तपासायचं तर कमांड आहे: एफएसयूटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय. प्रश्नच उलटा विचारलेला असल्यामुळे उत्तर शून्य आलं तर ट्रिम चालू आहे असं समजायचं. तिथे मला तीन तास काय, तीन मिनिटंही मिळाली नसती. तेव्हा बॅकअप आजच घ्या. मी आता दोन ठिकाणी घेते, आणि त्यातली एक डिस्क माझ्या घरात नसते.

एक काम मात्र तुमच्यासाठी उरलंय. फोटोरेक चित्रं परत आणतो, फाइलची नावं नाही. 'आठवी ब, सहल, डावीकडून तिसरी' असं मी एकेका फोटोला लिहिलं होतं. ते सगळं गेलं, आता नुसते आकडे आहेत. मागच्या टेबलावर फोटोंच्या प्रती आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. चहा घेऊन तिकडे या, ओळखा आणि मागे नावं लिहा. बाई, सुरुवात तुम्ही करा. आम्ही सगळे एकाच गणवेशात आणि एकाच तेलकट भांगात असायचो, तरी तुम्ही पाठमोऱ्यांनाही नावानं हाक मारायचात.