अंगण आणि शाळा

मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात. पण लिपी एक म्हणून अर्थही एकच, असे समजून चालणाऱ्याची कधी कधी चांगलीच फजिती होते. 'शिक्षा' हा असाच एक शब्द. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण. मराठी माणसाला मात्र तो ऐकताच छडी आठवते. छत्तीसगढच्या प्राथमिक शाळांतून २०२१ साली 'अंगना म शिक्षा' या नावाचा एक उपक्रम सुरू झाला. नव्यानेच रायपुरात आलेल्या मराठी गृहस्थाने ही पाटी वाचली, तर अंगणात कोणाला आणि कसली शिक्षा होत आहे, असा प्रश्न त्याला पडावा. छत्तीसगढी बोलीत 'म' म्हणजे 'मध्ये'. अंगणात शिक्षण, एवढाच त्या नावाचा सरळ अर्थ. तथापि मराठी कानाचा हा गैरसमज अगदीच निरर्थक म्हणता येणार नाही. शाळांना कुलपे लागली आणि शिक्षण घराच्या अंगणात येऊन उभे राहिले, तेव्हा ते वरदान मानावे की शिक्षा, हा प्रश्न देशातील असंख्य कुटुंबांपुढे खरोखरच उभा होता.

रायपूर शहरात शंकर नगर नावाची एक मोठी वस्ती आहे. शहरातल्या इतर वस्त्यांसारखीच ही वस्ती. परंतु छत्तीसगढच्या शाळकरी मुलांच्या दृष्टीने तिला एक वेगळे महत्त्व आहे. राज्याची शैक्षिक अनुसंधान आणि प्रशिक्षण परिषद येथे आहे. शाळांची क्रमिक पुस्तके याच परिषदेत तयार होतात, आणि बस्तरच्या अरण्यातील एखाद्या पाड्यावर मूल पुस्तक उघडते तेव्हा त्याच्या पहिल्या पानांत कोठेतरी 'शंकर नगर, रायपूर' हा पत्ता छापलेला असतो. परिषदेजवळच्या मैदानाला लोक 'बीटीआय मैदान' म्हणतात. ही तीन अक्षरे बेसिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची, म्हणजे बुनियादी शिक्षणाच्या शिक्षकांना तयार करणाऱ्या संस्थेची आहेत.

या बुनियादी शिक्षणाचा उगम मराठी श्रोत्यांना परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि त्यांतून 'नई तालीम' आकाराला आली. वर्धा आणि रायपूर ही दोन्ही स्थळे त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती. मुलाचे शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावे, हाताच्या कामातून व्हावे, त्याच्या भोवतालच्या जीवनाशी त्याचा सांधा जुळलेला असावा, हा त्या योजनेचा गाभा होता. पुढे १९५६ साली वर्धा मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्यप्रदेशात राहिले आणि २००० साली ते नव्या छत्तीसगढ राज्याची राजधानी झाले. नई तालीमही हळूहळू मागे पडली. तिचे नाव मैदानाच्या नावातील तीन अक्षरांपुरते उरले. परंतु काही विचार बियाण्यासारखे असतात. अनुकूल नव्हे तर अगदी प्रतिकूल ऋतूतही ते अचानक अंकुरतात.

असा प्रतिकूल ऋतू मार्च २०२० मध्ये आला. कोरोनाच्या साथीमुळे देशभर शाळा बंद झाल्या. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ७ एप्रिल २०२० रोजी, छत्तीसगढ शासनाने 'पढ़ई तुंहर दुआर' ही योजना सुरू केली. 'शिक्षण तुमच्या दारी' हा तिचा अर्थ. इंटरनेटवर पाठ ठेवावेत, शिक्षकांनी घरबसल्या वर्ग घ्यावेत आणि मुलांनी मोबाइलवर ते पाहावेत, अशी ती व्यवस्था होती. हेतू चांगला होता आणि कामही झपाट्याने झाले. पण दारापर्यंत आलेले शिक्षण उंबरठा ओलांडून आत येईल की नाही, हे घरावर अवलंबून होते. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांच्या खिशात. वडील कामावर गेले की शाळाही त्यांच्याबरोबर गेली. अरण्यातील गावांत तर मोबाइल असला तरी त्याला आवाज पोहोचत नसे.

ही अडचण ध्यानात येताच त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुढचे पाऊल पडले. 'पढ़ई तुंहर पारा' या नावाने शिक्षक पाड्यापाड्यांत जाऊन, एखाद्या झाडाखाली किंवा ओसरीवर, मोजकी मुले अंतरा-अंतराने बसवून शिकवू लागले. इंटरनेट नसलेल्या गावांसाठी 'बुल्टू के बोल' हा मार्ग निघाला. 'बुल्टू' हे ब्लूटूथ या शब्दाचे गावरान रूप. ध्वनिमुद्रित पाठ एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर, इंटरनेटवाचून, असे हातोहात पोहोचू लागले.

महाराष्ट्रातही त्याच सुमारास असेच प्रयोग झाले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती. या मालिकेत वर्ग नव्हता आणि परीक्षाही नव्हती; घर, परसू आणि शेत यांतील वस्तू घेऊन मुलांनी घरच्या माणसांबरोबर करून पाहावे, अशा कृती होत्या. विदर्भात आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम प्रसारित होऊ लागला. आकाशवाणीचा आवाज भाजी चिरणाऱ्या आईच्या कानी पडतो, तसाच तो चुलीपुढे बसलेल्या मुलाच्याही कानी पडतो. एवढे मात्र खरे, की आवाज जातो, उत्तर परत येत नाही. 'सांगा पाहू, टोपलीत किती वांगी उरली?' असे विचारून निवेदक क्षणभर थांबतो. मूल उत्तर देते, पण ते बरोबर की चूक, हे त्याला सांगायला शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते. साधन कोणतेही असो, मोबाइल, दूरदर्शन की आकाशवाणी, सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते घरातील एका माणसाच्या सोबतीवाचून अपुरेच राहते.

हा केवळ तर्क नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील कुटुंबांशी दूरध्वनीवरून बोलून माहिती घेण्यात आली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश निघाली. याउलट घरातील कोणाची तरी अभ्यासात मदत होत असलेली मुले जवळजवळ तीन चतुर्थांश होती. पहिली-दुसरीच्या मुलांत तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्याही वर होते. शाळेचा निरोप घरी पोहोचण्याआधीच घर कामाला लागले होते.

याच पाहणीतील आणखी एक आकडा थांबून विचार करण्यासारखा आहे. आई आणि वडील दोघेही किमान नववीपर्यंत शिकलेले असतील, अशा घरांतील ८९ टक्के मुलांना घरून मदत मिळत होती. दोघांचेही शिक्षण पाचवीपर्यंत किंवा त्याहून कमी असेल, अशा घरांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवर आले. त्यातही हा भार पुष्कळदा थोरल्या ताईने किंवा दादाने उचलला. आईवडिलांना वाचता येत नाही, म्हणून आपण मुलाला काही शिकवू शकत नाही, ही भावना अशा घरांत खोल रुजलेली असते. शाळेनेही ती नकळत जोपासली आहे. वर्षानुवर्षे शाळेकडून घरी जाणारी वार्ता दोनच प्रकारची असे: एक प्रगतिपुस्तक आणि दुसरे तक्रारीसाठी आलेले बोलावणे. मुलाच्या शिक्षणात तुमचाही हात हवा, असे अंगठा उठवणाऱ्या आईला शाळेने सहसा सांगितले नव्हते.

रायपूरच्या मराठी घरांत या काळाने निराळाच रंग धरला. भोसल्यांच्या अमदानीपासून या शहराशी मराठी माणसांचा संबंध आहे. येथील मुलाची घरातली भाषा मराठी, शाळेतली हिंदी किंवा इंग्रजी आणि गल्लीतली छत्तीसगढी. शाळा घरात आली तेव्हा पुस्तक हिंदी आणि शिकवणारी आजी मराठी, असा योग अनेक घरांत जुळून आला असेल. लिपी एकच असल्यामुळे आजीला पुस्तक वाचता येते. अडते ते उच्चारांपाशी आणि आकड्यांपाशी. पुस्तकातले 'तिरपन' आजीच्या तोंडी 'त्रेपन्न' होते, 'दो दूनी चार'चे 'बे दुणे चार' होते. पुस्तकात 'फल' आणि 'दाल', तर ताटात 'फळ' आणि 'डाळ'. वरवर पाहता हा गोंधळ. परंतु लहान मूल त्यातून फार मोलाची गोष्ट शिकते. वस्तू एकच असते आणि तिची नावे अनेक असू शकतात. संख्या तीच राहते, तिला हाक मारण्याची रीत बदलते. घरची भाषा शाळेच्या भाषेच्या आड येत नाही, उलट ती तिची शिडी होते. गोंडी, हलबी किंवा सरगुजिया बोलणाऱ्या घरांना तर या शिडीची गरज कितीतरी अधिक आहे.

अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर 'अंगना म शिक्षा'चे वेगळेपण लक्षात येते. पाच ते आठ वर्षे वयाच्या मुलांच्या मातांनी घरकाम करता करताच मुलांना शिकवावे, ही त्यामागची कल्पना. तिच्या प्रसारात शिक्षिकांनी पुढाकार घेतला आणि 'प्रथम' या संस्थेचे साह्य झाले. गावोगाव मातांचे मेळावे भरले. तेथे पाटी-पेन्सिल दुय्यम होती. मुलाने आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळून चालावे, भाज्यांचे ढीग प्रकारांप्रमाणे वेगळे करावेत, लहान-मोठ्या वस्तू क्रमाने लावाव्यात, चित्र पाहून गोष्ट सांगावी. आणि हे सारे आईने पाहावे, मग घरी तिनेच करून घ्यावे.

या कृती पाहून कोणी म्हणेल, यात शिक्षण ते कोणते? गणिताचा पाया येथेच असतो. भेंडी एका बाजूला आणि मिरची दुसऱ्या बाजूला ठेवणारे मूल वर्गीकरण करते. पाच माणसांना पाच ताटे मांडणारे मूल एकास एक जोडी लावते. संख्या म्हणजे काय हे त्याला त्यातून उमगते, अंकाचे चिन्ह त्याला पुढे केव्हाही गिरवता येते. सकाळपासून काय काय घडले हे आईला क्रमाने सांगणाऱ्या मुलाची भाषा वाचनासाठी तयार होत असते. यांतील कोणत्याही गोष्टीसाठी आईला अक्षरओळख असणे आवश्यक नाही. निवडायला घेतलेले तांदूळ, वाळत घातलेले कपडे, चुलीवरची भाकरी ही तिची साधने, आणि त्यांवर तिचा अधिकार कोणत्याही गुरुजींहून अधिक आहे. वर्ध्याला १९३७ साली मांडलेला हाच विचार, टकळीऐवजी सूप हाती घेऊन, छत्तीसगढच्या अंगणात पुन्हा अवतरला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

एवढ्यावरून घर असले म्हणजे शाळेचे काम भागते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच 'असर' पाहणीचे पुढचे आकडे पुरेसे बोलके आहेत. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते. ते २०२२ साली २०.५ टक्क्यांवर घसरले. घरांनी आपल्या परीने केले, तरीही ही घट झालीच. याचे कारण उघड आहे. दिवसभर मजुरी करून परतलेल्या आईजवळ माया असते, वेळ नसतो. विटांच्या भट्टीवर स्थलांतर केलेल्या कुटुंबाला अंगणही नसते. भाज्यांचे ढीग लावण्यापासून जोडाक्षरांच्या वाचनापर्यंतची चढण मुलाला शिक्षकाचा हात धरूनच चढावी लागते. छत्तीसगढमध्ये प्राथमिक वर्ग ऑगस्ट २०२१ मध्ये उघडू लागले. महाराष्ट्रातील पहिली ते चौथीच्या मुलांना डिसेंबरची वाट पाहावी लागली. शाळा भरू लागल्यावर, पायाभूत वाचन आणि गणित यांकडे लक्ष पुरवले गेल्यावर, २०२४ साली तो आकडा २७.१ टक्क्यांवर आला, म्हणजे जवळजवळ पूर्वस्थानी. पूर्वस्थानही चारांपैकी एकाहून थोडे अधिक एवढेच होते, हे मात्र विसरता येत नाही.

आईला शिक्षणात वाटा द्यायचा तो शिक्षकाचा भार हलका करण्यासाठी नव्हे, तर आईचा अधिकार मान्य करण्यासाठी. शाळेने आपले काम घरावर लोटले, तर गरिबाच्या घराला ते ओझे होईल, आणि शिकलेल्या व न शिकलेल्या घरांतील अंतर अधिकच वाढेल. तेव्हा 'शिक्षा' हा शब्द मराठी अर्थाने खरा ठरेल. शाळा आपल्या जागी पक्की उभी राहून अंगणाशी बोलणे चालू ठेवील, तरच त्याचा हिंदी अर्थ सार्थ होईल.

माधवराव सप्रे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा स्थापन केली, तेव्हा मुलींनी शाळेत यावे, हीच मोठी मागणी होती. त्यानंतर शतकाने शाळा स्वतः बाहेर पडून त्या मुलींच्या पणतींकडे, आज आई झालेल्या स्त्रियांकडे, साह्य मागायला गेली. साथीचे संकट सरले. मोबाइलवरचे कित्येक पाठ पुसले गेले असतील. शिक्षकाने दरमहा एकदा तरी मुलाच्या घरी जावे, तक्रार न सांगता मुलाला काय येऊ लागले ते सांगावे, आणि पुढच्या महिन्यात घरी काय करून घेता येईल ते आईशी बोलून ठरवावे, एवढी एक रीत जरी त्या काळातून मागे उरली, तरी त्या बंद दिवसांतून शाळेने काही कमावले असे म्हणता येईल.